पाटावर न बसलेल्या भावाची ओवाळणी

दिवाळीच्या आगेमागे आलेल्या टपालात या वेळी तीन पत्रं अशी होती की ती एकत्रच घ्यावीशी वाटली. तिन्हींत कुणीतरी अनोळखी माणूस काहीतरी मोठं देऊ करतोय आणि इकडे घरात झोप उडाली आहे. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या शाखांत. हे प्रश्न माझ्या टेबलासमोर बसूनही लोकांनी विचारले आहेत, आणि पुष्कळदा विचारायचे राहून गेले आहेत. ओळख पटेल असा मजकूर पत्रांतून काढला आहे.

प्रश्न

नमस्कार मॅडम,

मी विट्याजवळच्या गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतर चारच महिन्यांत आमचे हे गेले. मुलगी लग्न होऊन बंगळूरला आहे. सख्खा भाऊ एकच होता, तो करोनात गेला.

मी फेसबुकवर रांगोळ्यांचे फोटो टाकते. मार्चमध्ये एका गृहस्थांनी फार छान लिहिलं. ते स्कॉटलंडचे, जहाजावर इंजिनिअर आहेत. आई भारतीय होती म्हणतात. त्यांचं मराठी मोडकं आहे, पण रोज सकाळी ‘ताई, चहा झाला का’ असा मेसेज येतो. सात-आठ महिन्यांत वाईट असं एक अक्षर नाही. राखीपौर्णिमेला मी त्यांना राखीचा फोटो पाठवला, तेव्हा ते म्हणाले, भाऊबीजेला ओवाळणी पाठवणार.

आता पार्सलचे फोटो आलेत. सोन्याचा हार, आयफोन, घड्याळ आणि एका पाकिटात ४०,००० पौंड. कुरिअरची पावती आहे. तिच्यावरचा नंबर वेबसाइटवर टाकला की पार्सल कुठवर आलं ते दिसतं. चार दिवसांपूर्वी दिल्लीहून एका बाईंचा फोन आला, कस्टममधून बोलते म्हणाल्या. नोंदणीचे ४,५०० रुपये मागितले, ते मी भरले. आधारकार्डाचा आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोही पाठवला. आता ड्युटीचे ३८,५०० भरायला सांगतात. चार दिवसांत भरले नाहीत तर पार्सल जप्त आणि माझ्यावर केस. भावाला कळवलं तर तो म्हणतो, ‘ताई, मी भर समुद्रात आहे, इथून पैसे पाठवता येत नाहीत. तू भर आणि पाकिटातून काढून घे.’

मुलीला सांगितलेलं नाही. जाऊबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, एवढं फुकट कुणी देत नाही. मॅडम, मला लालूच नाही. पण भावाची ओवाळणी परत पाठवायची कशी? घ्यावी की नाही, एवढंच सांगा.

उत्तर

बाई,

तुमचं पत्र संपादकांनी मला ज्या दिवशी दिलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत ती चार दिवसांची मुदत कधीच उलटून गेली असती. ते ३८,५०० रुपये तुम्ही अजून भरले नव्हते हे ऐकून मी खुर्चीत बसले. फोनवर जे घाईत बोलले ते आता तुमच्या परवानगीने सावकाश लिहिते, कारण तुमच्यासारख्या अनेक जणी हे पान वाचत असतील आणि त्यांच्याही फोनवर सकाळी कुणीतरी चहाची चौकशी करत असेल.

ते पार्सल नाही. हार नाही, घड्याळ नाही, पाकीट नाही. दिल्लीच्या बाई कस्टममध्ये नाहीत. आणि हे लिहिताना मला जड जातंय, पण तो भाऊही नाही.

आधी कस्टमचं सांगते, कारण भीती तिथूनच घातली गेली आहे. परदेशातून टपालाने वस्तू आली की परदेशी टपालाच्या कार्यालयात तिची तपासणी होते. मुंबईला ते बॅलार्ड पिअरजवळ आहे. ड्युटी बसली तर तसा कागद पार्सलबरोबर येतो आणि पैसे आपण पोस्टात भरतो, पावती घेऊन, पार्सल ताब्यात घेताना. कुरिअरने आली तर कुरिअर कंपनी आपल्या नावाने बिल देते. तुम्हाला जो यूपीआय नंबर दिला तो एका खासगी माणसाच्या बचत खात्याचा निघाला, हे आपण फोनवर बोलताना तुम्हीच वाचून दाखवलंत. सरकारचा कर कुणाच्या बचत खात्यात जात नाही. दुसरं, कस्टम खात्याच्या प्रत्येक पत्रावर नोव्हेंबर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही पडताळून पाहता येतो. तुम्ही फोनवर सांगितलंत, त्या बाईंनी पाठवलेल्या पत्रावर राजमुद्रा होती, शिक्के तीन होते, तो क्रमांक नव्हता.

आणि एक गंमत वाटावी अशी पण खरी गोष्ट. परदेशातून भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंना पूर्वी थोडी सूट असे, ती डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबरच्या भेटवस्तूंना सूट नाही, असं त्या नियमात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही फोटो काढलात तशी राखी सरकार बिनशुल्क येऊ देतं. हार आला असता तर त्यावर पूर्ण ड्युटी लागली असती आणि ती लाखांत गेली असती. ३८,५०० हा आकडा कुठल्याही दरपत्रकातला नाही. निवृत्त शिक्षिकेच्या बचत खात्यातून मुलीला न विचारता किती निघतील, याचा तो अंदाज आहे.

४०,००० पौंडांचं घ्या. आपल्याकडे ते चाळीस लाखांच्या वर जातात. आखातातून, इंग्लंडातून आलेले पैसे इथल्या खात्यात जमा होताना मी आयुष्यभर पाहिलेत. गवंडीकाम करणारी मुलंही बँकेतून रीतसर पाठवतात. जहाजावरचा इंजिनिअर एवढी रोकड पाकिटात घालून हाराशेजारी ठेवील? आणि ज्याच्याकडे एवढी रोकड आहे त्याला अडतीस हजार पाठवता येत नाहीत, पण ‘चहा झाला का’ हे भर समुद्रातून रोज न चुकता पाठवता येतं.

तुम्ही विट्याकडच्या. तुमच्या भागातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी देशभर पसरली आहेत, फोनवर तुम्ही म्हणालात की तुमच्या दिरांचंही तेच दुकान आहे. तुमच्या घरात सोनं कसोटीवर घासून पाहिल्याशिवाय कुणी हातात धरत नाही. या हाराचा फोटो दिरांना दाखवला का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प झालात. ती शांतता मला कळली. दाखवला असता तर ते काय म्हणतील, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

आता ओवाळणीचं. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे आणि त्याला मी वरवरचं उत्तर देणार नाही. ‘एवढं कुणी फुकट देत नाही’ हे जाऊबाईंचं म्हणणं बरोबर असूनही तुम्हाला लागू पडलं नाही, कारण तुम्ही लालचीने गुंतलाच नव्हता. तुम्ही गुंतलात ते भाऊ या शब्दात. भाऊबीजेला आपण पाट मांडतो, भोवती रांगोळी काढतो, भाऊ पाटावर बसतो, आपण ओवाळतो, आणि मग तो तबकात जे असेल ते घालतो. अकरा रुपये घालो नाहीतर साडी. त्या सगळ्या रीतीत बहिणीने आधी पैसे भरायचे आणि मग ओवाळणी सोडवून आणायची, असं कुठे आहे? जो बहिणीला केस होईल अशी धमकी येते हे ऐकूनही ‘तू भर’ म्हणतो, त्याला नकार देताना कुठल्याच भावाचा अपमान होत नाही. तुमचा भाऊ असता तर तो पहिल्या एसटीने आला असता आणि त्या दिल्लीच्या बाईंशी स्वतः बोलला असता.

मी तुम्हाला ‘कशा फसलात’ असं म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर ऐकूनही घेऊ नका. करोनात भाऊ गेला, शाळा सुटली, मग नवरा गेला. सकाळी आपल्या चहाची चौकशी करणारं घरात कुणी उरलं नाही. ही जागा त्या माणसाने बरोबर हेरली. तुमच्या फेसबुकवर शाळेच्या निरोपसमारंभाचे फोटो आहेत, यजमान गेल्याचा मजकूर आहे. त्याला फार शोधावं लागलं नसणार. आठ महिने त्याने गुंतवले, कारण हे त्याचं काम आहे, आणि एकाच वेळी तो अशा किती ताईंना चहा विचारत असेल कोण जाणे.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले. मुदत ठेव मोडायची होती. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘कस्टमचे भरायचेत.’ मला शंका आली, मी दोन प्रश्न विचारले, ते चिडले. पैसे त्यांचे, सही त्यांची. मागे रांग होती. मी फॉर्म पास केला. पंधरा दिवसांनी दुसरी ठेव मोडायला आले, तेव्हाही मी फॉर्म पास केला. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते उभेच राहिले, फॉर्म मागितलाच नाही. ‘बाईसाहेब, तुम्ही मला थांबवायला पाहिजे होतं,’ एवढंच म्हणाले. मी नियमाने वागले होते. पण उठून काउंटरच्या बाहेर यावं, त्यांना बाकावर बसवावं, मुलाचा नंबर मागावा, हे मला दहा मिनिटांत जमलं असतं. ते मी केलं नाही. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मी टपालाची वाट पाहिली नाही.

३८,५०० भरले असते तर पुढे काय झालं असतं, तेही ऐका. तीन-चार दिवसांनी फोन आला असता की पार्सल स्कॅन करताना परकीय चलन सापडलं, आता मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र लागेल. त्याचे लाख-सव्वा लाख. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र, मग विमा, मग दंड. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. मधेच भाऊ रुसला असता किंवा आजारी पडला असता. आधी भरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. त्या ड्रायव्हरसाहेबांचं असंच झालं.

आपण फोनवर ठरवलं त्यातलं काय झालं ते तुम्ही मला कळवलंत, इतरांसाठी इथे लिहिते. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यावर जितक्या लवकर तिथे कळवाल तितकी ते समोरच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता जास्त, कारण अशा खात्यांतून पैसा तासाभरात पुढे सरकवतात. तुमच्या ४,५०० ना चार दिवस होऊन गेले होते, ते परत येतील असं मी म्हणत नाही. तरीही तक्रार केलीत हे फार चांगलं झालं, कारण ते खातं आता नोंदीवर आलं. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार देता येते. चॅट, फोटो, पावत्या यांतलं काही पुसू नका. लाज वाटून पुसावंसं वाटतं, पण पुरावा तोच आहे. आधारचा फोटो गेलाय म्हणून आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून घ्या, आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या अॅपवर होतं. शाखेत जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला लेखी कळवा.

काही लोक सांगतील, त्याला व्हिडिओ कॉल करायला लावा, परीक्षा घ्या. मला ते पटत नाही. हल्ली चेहरासुद्धा बनवता येतो, आणि बोलण्यात तो तुमच्यापेक्षा तयार आहे. तुम्ही परीक्षा घ्यायला जाल आणि तो रडेल. निरोपाचा मेसेजही नको. ब्लॉक करा. आणि सहा महिन्यांनी एखादा ‘अधिकारी’ किंवा ‘वकील’ फोन करून म्हणेल की तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त फी भरा. तोही त्याच टोळीचा असतो. नंबरांची यादी ही मंडळी विकतात.

मुलीला सांगितलंत आणि ती शुक्रवारी रात्रीच्या गाडीने आली, हे वाचून मला किती बरं वाटलं ते इथे लिहायला जागा पुरणार नाही. तिने तुमच्या रांगोळ्यांच्या पानाला कुलूप लावू नये. फोटो टाकत राहा. फक्त मित्रयादी दोघींनी बसून एकदा चाळा.

प्रश्न

मी नाशिकरोडचा, वय ७१. एका बँकेच्या नावाने कुरिअरने नवा कोरा मोबाइल आला आहे. ‘विश्वासू ग्राहकास भेट’ असं पत्र आणि सोबत कार्ड आहे. माझं सिमकार्ड त्यात घातलं की ऑफर चालू होईल म्हणतात. पैसे काहीच मागितलेले नाहीत. माझं त्या बँकेत खातं आहे. नातू म्हणतो, आजोबा, मला द्या. द्यावा का?

उत्तर

काका, खोका उघडला असेल तर बंद करा. फोन चालू करू नका आणि नातवाला मुळीच देऊ नका.

पैसे मागितले नाहीत म्हणून तुम्हाला तो निर्धोक वाटतोय. इथे पैसे मागायची गरजच नसते. अशा फोनमध्ये आधीच एखादं अॅप दडवलेलं असतं. तुमचं सिम आत गेलं की बँकेचे ओटीपी तुमच्या हातातल्या फोनवर येतात आणि त्याच क्षणी दुसरीकडेही जातात. तुम्हाला कळतही नाही, कारण अॅप तो मेसेज लपवू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरची बातमी पेपरात होती. तिथल्या एका साठीच्या गृहस्थांना असाच क्रेडिट कार्डाच्या निमित्ताने फोन भेट आला, त्यांनी सिम घातलं आणि मुदत ठेवींतले मिळून २ कोटी ८० लाख रुपये गेले. ते स्वतः तंत्रज्ञान क्षेत्रातले होते.

तुमच्या बँकेच्या शाखेत पत्रासह जा. पत्रावर छापलेल्या नंबरावर फोन करू नका, पासबुकावरचा वापरा. शाखेने ‘आम्ही पाठवला नाही’ म्हटलं की तो खोका तसाच सायबर पोलिसांकडे द्या. पत्रावर क्यूआर कोड असेल तर तो कुतूहलानेही स्कॅन करू नका. नातवाला फोन हवाच असेल तर त्याच्या वाढदिवसाला तुम्ही घेऊन द्या.

प्रश्न

मॅडम, मी जत तालुक्यातला, दुसऱ्याची पिकअप चालवतो. मुलीचा मिरजेला बी.एस्सी. नर्सिंगला नंबर लागलाय. फी, हॉस्टेल धरून ८२,००० सांगतात. सांगलीहून एसटीने येताना शेजारी एक रिटायर सुभेदार बसले होते, त्यांना बोलता बोलता सांगितलं की बहुतेक सोडावं लागणार. पुढच्या रविवारी ते पत्ता काढत बायकोला घेऊन घरी आले, भाकरी खाल्ली आणि म्हणाले, फी मी भरतो. आमचा काहीच संबंध नाही, जात वेगळी, गाव वेगळं. बायको म्हणते देवच आला. माझा मेव्हणा म्हणतो, तरण्या पोरीचं प्रकरण आहे, सांभाळ. मला रात्री झोप लागत नाही. घ्यावेत का पैसे?

उत्तर

दादा, तुमचा मेव्हणा आणि तुमची बायको दोघंही बरोबर आहेत, म्हणून तुम्हाला झोप येत नाही.

पैशाआधी एक काम करा. कॉलेजकडून ८२,००० चा तपशील लेखी घ्या: शिक्षण शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, हॉस्टेल किती, मेस किती. हे मी का म्हणते, तर राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आर्थिक मागास, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची योजना वेगळी आहे. तुमची मुलगी प्रवेश फेरीतून आली असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज झालाय का ते कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तयार ठेवा. ८२,००० चा आकडा कदाचित हॉस्टेल आणि मेसपुरताच उरेल. मग सुभेदारसाहेबांकडे मागायचं ओझंही तेवढंच हलकं होईल.

आता त्यांच्याबद्दल. वरच्या दोन पत्रांत आणि तुमच्या पत्रात मला मोठा फरक दिसतो. हा माणूस आपल्या पायाने, दिवसाउजेडी, बायकोला घेऊन तुमच्या घरी आला. तुमच्या ताटात जेवला. त्याने तुमच्याकडून आधार मागितलं नाही, ओटीपी मागितला नाही, उद्यापर्यंत उत्तर दे म्हणाला नाही. माझा कल घेण्याकडे आहे.

अनोळखी माणसाचं घेतलं, याचा मलाही अनुभव आहे. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत बदलीवर होते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कंबरभर पाण्यातून चालत शीवजवळ एका चाळीपाशी पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. जिन्यात उभ्या असलेल्या एका बाईंनी मला हाताला धरून वर नेलं. नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच. कोरडी साडी दिली, पिठलं-भात दिला, आणि त्या एका खोलीत आम्ही अकरा जण झोपलो. ऑगस्टमध्ये मी साडी धुऊन इस्त्री करून परत द्यायला गेले. बरोबर पेढ्यांचा खोका होता. त्यांनी साडी ठेवून घेतली, खोका उघडला, मोजून निम्मे पेढे चाळीत वाटले आणि निम्मे मला परत बांधून दिले. देणारी माणसं असतात, दादा. त्यांच्यावरून माझा विश्वास कुठल्याही सायबर टोळीने उडालेला नाही.

पण तुमच्या मेव्हण्याचं म्हणणं मी सोडून देणार नाही. मुलगी १८-१९ वर्षांची आहे, चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि दर वर्षी पैसे देणारा माणूस एकच असेल तर त्याच्यापुढे तिला ‘नको’ म्हणणं जड जाईल. म्हणून पैसे तुमच्या हातात किंवा मुलीच्या खात्यात येऊ देऊ नका. चेक किंवा डीडी थेट कॉलेजच्या नावाने निघू दे, पावती मुलीच्या नावाची, तिची एक प्रत त्यांना. तुमच्याकडे रोख आली तर हिशेबही घोटाळ्यात पडतो: नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५०,००० च्या वर मिळालं की आयकराच्या दृष्टीने ती सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. तुमच्या कमाईला कर बसायचा नाही, पण असा कागद नसलेला पैसा घरात नकोच.

त्यांच्या मुलाबाळांना हे माहीत आहे का, ते विचारा. त्यांच्या घरी तुम्ही दोघं एकदा जाऊन या, नुसते चहाला. त्यांच्या गावात एखाद्या दुकानात बसलात तर माणूस कसा आहे ते अर्ध्या तासात कळतं. फोन तुमच्या नंबरावर होऊ देत, मुलीच्या नको. तिला भेटायचं तर तुमच्या घरी किंवा त्यांच्या बायकोसह. ‘सुट्टीत आमच्याकडे कामाला पाठवा’, ‘आमच्या पाहुण्यांत स्थळ आहे’, असं काही त्यांच्याकडून निघालं तर तिथेच थांबा, मग दुसऱ्या वर्षाची फी कर्ज काढून भरावी लागली तरी चालेल. शैक्षणिक कर्जाची माहिती हवी असेल तर मला लिहा.

आणि या अटी त्यांना तुम्ही स्वतः सांगा, हात जोडून पण स्पष्ट. पलटणीत आयुष्य काढलेल्या माणसाला पावती मागितल्याचा राग येईल असं मला वाटत नाही. आला तर ते तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

मुलीला विचारलंत का? तुमच्या पत्रात बायको आहे, मेव्हणा आहे, तिचं म्हणणं कुठेच नाही. एसटीत ती तुमच्या शेजारी होती का, त्या रविवारी ती घरात होती का, तिला ही माणसं कशी वाटली? आज रात्री जेवताना विचारा आणि मग सोमवारी तिला घेऊनच मिरजेला जा, तपशिलाचा कागद तिलाच मागू दे.